पहिला संगणक स्वतः जोडताना

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. त्याचं कारण असं, की गेल्या वर्षभरात आपल्या वर्गातल्या निदान दहा-बारा जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला. "मुलाला कॉम्प्युटर घ्यायचाय. बजेट चाळीस हजार. तयार घेऊ की जोडून घेऊ? आणि जोडायचा तर काय काय घेऊ?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगावं, असं संयोजकांचं म्हणणं पडलं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ वैभववाडीत बसून मी हेच काम करतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याला कामासाठी रोज गाडीत, लोकलमध्ये मशीन घेऊन फिरायचं आहे, त्याने लॅपटॉप घ्यावा. त्यात वाद नाही. पण मशीन घरातच राहणार असेल, तीन-चार माणसं ते वापरणार असतील आणि ते आठ-दहा वर्षं टिकावं अशी इच्छा असेल, तर टेबलावरचा संगणक आणि तोही सुटे भाग निवडून जोडलेला, हाच आपल्या गावाला परवडणारा मार्ग आहे. कारण साधं आहे. त्यातला जो भाग बिघडेल तेवढाच बदलता येतो.

मी पहिला संगणक जोडला १९९९ साली. बारावीनंतर मुंबईला गेलो होतो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात हेल्पर म्हणून लागलो होतो. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की हा रस्ता लागतो. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालाच काय, दुकानदारही गोंधळतो. सगळ्या देशात तो लॅमिंग्टन रोड म्हणूनच ओळखला जातो. त्या काळी कंपनीचा तयार संगणक म्हणजे एचसीएल, विप्रो, झेनिथ अशी नावं, आणि त्याच ताकदीचा संगणक लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडला तर बराच स्वस्त पडायचा. अख्खा महाराष्ट्र तिथून माल नेत असे.

माझ्याजवळ पस्तीस हजार रुपये होते. ते माझे नव्हते. आपल्यापैकी अनेकांचे वडील गिरणीत होते, तसे माझेही होते. १९८२ च्या संपानंतर आपल्या गावांत काय झालं, हे इथे सांगायला नको. वर्षानुवर्षं अडकलेला हिशोब त्या वर्षी हातात आला आणि घराची कौलं बदलायची की मला संगणक घेऊन द्यायचा, असा प्रश्न उभा राहिला. मला गावात येऊन डीटीपीचं काम सुरू करायचं होतं. बाबांनी एवढंच विचारलं, "झिला, ह्या पैशात काय काय येतला, ता आधी कागदार लिही." मी लिहिलं. त्या एका कागदाने मला जेवढं शिकवलं तेवढं नंतर कुठल्याही कोर्सने शिकवलं नाही. म्हणून तुम्हालाही माझा पहिला सल्ला तोच आहे. दुकानात जाण्याआधी कागद घ्या.

कागदावर सर्वात वर भागांची नावं लिहायची नाहीत. या मशीनवर काय काम होणार, ते लिहायचं. माझ्या कागदावर पहिली ओळ होती: मराठी टाइपिंग, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे फॉर्म. त्या एका ओळीने निम्मे निर्णय झाले. खेळ खेळायचे नव्हते, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. मदरबोर्डमध्येच चित्र दाखवायची सोय असलेला इंटेलच्या ८१० चिपसेटचा बोर्ड त्याच वर्षी बाजारात आला होता, तो घेतला. त्यावर सेलेरॉन प्रोसेसर बसवला. पेंटियम थ्रीचा मोह सगळ्यांना होता, पण पत्रिकेवरचा गणपती सेलेरॉनवरही तेवढाच सुबक दिसतो. प्रिंटर सुरुवातीला घेतलाच नाही. फ्लॉपीवर फाइल घेऊन कणकवलीला जायचं आणि तिथे प्रिंट काढायची. वाचलेले पैसे गेले मॉनिटर आणि यूपीएसमध्ये, कारण दिवसभर डोळे मॉनिटरवर आणि लाईटचा भरवसा नाही.

आता त्या कागदावरची एक ओळ मला खोडावी लागली, ती गोष्ट सांगतो. गणपती आटोपून मी मुंबईला परतलो आणि २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. तैवान कुठे आणि वैभववाडी कुठे. पण संगणकाच्या चिप बनवणारे मोठमोठे कारखाने तिथे आहेत. ते काही दिवस बंद पडले आणि लॅमिंग्टन रोडवर रॅमचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक असा चढू लागला. यादीत मी ६४ एमबी रॅम लिहिली होती. ती घेतली असती तर यूपीएस रद्द करावा लागला असता. मग मी ३२ एमबीची एकच पट्टी घेतली आणि बोर्डवरची दुसरी जागा मोकळी ठेवली. चार-पाच महिन्यांनी भाव उतरले, तेव्हा दुसरी पट्टी आणून बसवली.

हे आज सांगण्याचं कारण म्हणजे ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या, कारण डिस्कचे मोठे कारखाने तिथे होते. कोरोनाच्या काळात ग्राफिक्स कार्ड मिळेनाशी झाली. आणि २०२५ च्या अखेरीपासून पुन्हा रॅम महागली आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या डेटा सेंटरना तीच मेमरी लागते आणि कारखानदार आधी त्यांची मागणी पुरवतात. अशा वेळी कणकवलीचा किंवा कोल्हापूरचा दुकानदार आपल्याला लुबाडतो आहे, असं समजून भांडण्यात अर्थ नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, जो भाग महाग आहे तो कामापुरता घ्या आणि पुढे वाढवायला जागा ठेवा. जोडलेल्या संगणकाचा सगळा फायदा या मोकळ्या जागेत आहे.

आता आजच्या बाजाराकडे येतो. रुपयांतले भाव सांगत नाही, कारण स्मरणिका छापून हातात येईपर्यंत ते बदललेले असतील. त्याऐवजी वाटा सांगतो. तुमचं बजेट शंभर रुपये धरा. घरचं काम, मुलांचा अभ्यास, थोडं प्रोग्रॅमिंग, मराठी टाइपिंग, थोडं फोटो-व्हिडिओचं काम, एवढं करायचं असेल तर माझा हिशोब असा असतो: प्रोसेसरला बावीस, मदरबोर्डला पंधरा, रॅमला पंधरा, एसएसडीला दहा, एसएमपीएसला आठ, कॅबिनेटला पाच, मॉनिटरला सतरा, कीबोर्ड-माउसला दोन आणि यूपीएसला सहा. झाले शंभर. यात एक-दोन रुपये इकडेतिकडे झाले तरी चालतील. पण एखाद्या कोटेशनमध्ये प्रोसेसरला चाळीस आणि एसएमपीएसला दोन असा हिशोब दिसला, तर समजा की नाव मोठं दाखवून बाकीचा माल हलका दिला आहे.

एकेक भाग घेऊ.

प्रोसेसर. त्याच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलच्या आकड्यापुढे इंग्रजी 'एफ' असेल, म्हणजे समजा आय-थ्री १२१००एफ, तर त्यात चित्र दाखवायची सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. घरी आणून सगळं जोडता आणि मॉनिटर काळाच राहतो, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय तो दिसणारच नाही. एएमडीच्या रायझनमध्ये उलटं आहे. ५००० च्या मालिकेत 'जी' अक्षर असेल, जसं ५६००जी, तर आत ग्राफिक्स असतं. अक्षर नसेल किंवा 'एक्स' असेल, तर नसतं. एका अक्षरावर पाच-सहा हजारांचा फरक पडतो, तेव्हा चष्मा लावून वाचा.

मदरबोर्ड. प्रोसेसर आणि बोर्ड हे लग्नाच्या जोडीसारखे आहेत, पत्रिका जुळावीच लागते. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचा एएम-फोर सॉकेट जुना, पण भक्कम आणि स्वस्त आहे. एएम-फाइव्ह नवा आहे, पण त्यावर फक्त डीडीआर-फाइव्ह रॅम चालते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा सॉकेट एकच आहे, पण तिथे बोर्ड पाहून घ्यावा लागतो. काही बोर्ड डीडीआर-फोरचे, काही डीडीआर-फाइव्हचे. या दोन प्रकारच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्यात बसत नाही आणि बसवायला जोर लावू नका. आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचाराच: या बोर्डचं बायोस या प्रोसेसरला ओळखतं का? जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अपडेट करावं लागतं. ते दुकानातच करून घ्या.

रॅम. आज घरच्या कामाला १६ जीबी पुरते. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल, तर १६ च्या एका पट्टीपेक्षा ८ च्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण ते ग्राफिक्स याच रॅममधून काम करतं आणि दोन पट्ट्या असल्या की दोन रस्त्यांनी माल येतो. पण सध्याच्या भावात दोन परवडत नसतील तर ८ ची एक घ्या आणि वर सांगितलं तसं दुसरी जागा मोकळी ठेवा. फक्त दुसरी घेताना पहिलीचा वेग आणि शक्य असेल तर कंपनीही जुळवा. त्यासाठी पहिलीच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

साठवण. या एका ठिकाणी कंजुषी चालत नाही. फिरती हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली, हा माझ्या पंचवीस वर्षांतला सर्वात मोठा बदल. जुन्या मशीनमध्ये नुसती एसएसडी टाकली तरी लोक विचारतात, नवीन घेतला काय? विंडोज एसएसडीवरच हवं. ५०० जीबी पुरते. लग्नाचे व्हिडिओ आणि मुलांचे फोटो साठवायला पुढे कधीतरी साधी हार्ड डिस्क जोडता येईल. आणि नावाजलेल्या कंपनीचीच घ्या. अर्ध्या किमतीत दुप्पट जागा कुणी देत असेल, तर ती जागा फक्त स्टिकरवर असते.

एसएमपीएस. हा संगणकाचा पाणीपुरवठा आहे. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. सायन्सच्या तासाला सरांनी फळ्यावर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट हे लिहून दिलं होतं, ते इथे कामाला येतं. ग्राफिक्स कार्ड नसलेला घरचा संगणक सगळा मिळून साधारण शंभर वॉट खातो. म्हणजे ४०० किंवा ४५० वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. पण तो खऱ्या ४५० चा हवा. कॅबिनेटबरोबर फुकट येतो त्याच्यावर आकडा मोठा छापलेला असतो, उचलून बघाल तर वजन कापसाचं. त्यात संरक्षणाचे भाग काढून टाकलेले असतात. 'एटी प्लस' असा शिक्का असलेला, तीन-पाच वर्षांची वॉरंटी देणारा घ्या. हलका एसएमपीएस जातो तेव्हा एकटा जात नाही. बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जातो.

मॉनिटर. २२ इंची, आयपीएस पडद्याचा. तो तुमच्याकडे दोन संगणक बदलेपर्यंत राहणार आहे आणि मुलांचे डोळे त्यावर राहणार आहेत. इथे सतराचे वीस झाले तरी हरकत नाही.

आता कुठे वाचवायचं? कॅबिनेटमध्ये वाचवा. रंगीत दिवे आणि काचेचा दरवाजा नको, पुढे जाळी आणि मागे एक पंखा हवा. कीबोर्ड-माउस साधे घ्या. प्रोसेसरबरोबर खोक्यात आलेला पंखा घरच्या कामाला पुरतो, वेगळा कूलर नको. सेकंडहँड घ्यायचं तर मॉनिटर आणि कॅबिनेट घ्या. सेकंडहँड एसएमपीएस आणि डिस्क घेऊ नका.

मुंबई-पुण्याच्या ऑफिसमधून निघालेले जुने ब्रँडेड संगणक दहा-बारा हजारांत मिळतात, त्याबद्दलही विचारणा होते. घ्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट तपासा. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सहाव्या, सातव्या पिढीचे संगणक आता स्वस्तात येत आहेत ते याच कारणाने. त्यावर लिनक्स टाकलं तर ते अजून काही वर्षं छान चालतील. अभ्यासाला, टाइपिंगला, इंटरनेटला काही अडचण नाही, आणि मराठीही उत्तम दिसतं. पण "विंडोज टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर पिढी विचारा.

खरेदी कुठे करायची? आपल्याला तीन वाटा आहेत. मुंबई, कोल्हापूर आणि ऑनलाइन. ऑनलाइन कधी कधी स्वस्त पडतं. पण वॉरंटीचा विचार करा. बोर्ड बिघडला तर तो सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो आणि आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूर. करूळ घाट चालू असला तर ठीक, बंद असला तर भुईबावड्याने वळसा. एका फेरीत दिवस जातो. म्हणून मी सांगतो, बोर्ड आणि एसएमपीएस अशा दुकानातून घ्या जो बिघडलेला माल स्वतः हातात घेऊन पुढे पाठवेल. त्यासाठी दोन-तीनशे जास्त गेले तरी एका फेरीत वसूल होतात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. अठरा टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतलात तर वॉरंटीच्या दिवशी ती चिठ्ठी कुणी ओळखत नाही. आणि खोकी फेकू नका. निदान वर्षभर माळ्यावर ठेवा.

आता जोडणी. एक संध्याकाळ पुरते. मुलांना सोबत बसवा, त्यांच्याकडूनच करून घ्या. सगळे भाग लगेच कॅबिनेटमध्ये कोंबू नका. आधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर प्रोसेसर, पंखा आणि रॅम बसवा, एसएमपीएस आणि मॉनिटर जोडा आणि चालू करून बघा. पडद्यावर अक्षरं आली की मग आत घाला. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. दोन्ही जुळले की तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. पंखा बसवण्याआधी लावायची पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी. नव्या पंख्याला ती आधीच लावलेली असते, मग वेगळी नको. कॅबिनेटमध्ये बोर्डखाली पितळी स्पेसर लावायला विसरू नका, नाहीतर बोर्ड पत्र्याला टेकून शॉर्ट होतो. एसएमपीएसच्या दोन वायरी बोर्डला जातात, एक चोवीस पिनांची मोठी आणि एक प्रोसेसरजवळची छोटी. दहापैकी पाच वेळा "चालू होत नाही" म्हणून आलेल्या मशीनमध्ये ती छोटी वायर लावायची राहिलेली असते.

स्थिर विजेची भीती पुस्तकांत फार लिहिलेली असते. आपल्या दमट हवेत ती कमी, तरी थंडीच्या कोरड्या दिवसांत काम करत असाल तर आधी लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावून घ्या.

आणि आता परदेशातल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही ते. आपल्याकडे संगणकाचे शत्रू चार. अर्थिंग, वीज, ओल आणि पाल.

अर्थिंग पहिलं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक येतात. तो संगणकाचा दोष नसतो. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. घराला अर्थिंग नसेल तर ती गळती जायला जागा मिळत नाही आणि पत्र्यावर येऊन बसते. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट भरलेला हवा आणि मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी सोडायला हवं. वायरमनला बोलावून मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला फरक मोजून घ्या. तो एक-दोन व्होल्टच्या आसपास असावा. हे काम संगणक आणण्याच्या आधी करा.

वीज म्हणजे मे महिन्याच्या अखेरीचा आणि परतीच्या पावसाचा गडगडाट. तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण त्याच्या राउटरचा प्लग काढायचाच. यूपीएस ६०० व्हीएचा घ्या. तो पंधरा-वीस मिनिटं देतो. ती वेळ काम सेव्ह करून मशीन बंद करायला आहे, काम चालू ठेवायला नाही. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची, हा खर्च धरून चाला.

ओल. जुलै-ऑगस्टमध्ये संगणक रोज तासभर तरी चालू ठेवा, त्याच्याच उष्णतेने तो कोरडा राहतो. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेलं मशीन चालू होताना हटकून अडतं. तेव्हा घाबरू नका. प्लग काढा, रॅमची पट्टी बाहेर काढा, तिचे सोनेरी पाय साध्या खोडरबरने हळुवार पुसा आणि परत बसवा. आपल्या कंपासपेटीतल्या त्या खोडरबराने मी शेकडो मशीन सुरू केली आहेत.

आणि पाल. ऊब शोधत ती मागच्या मोकळ्या खाचेतून आत शिरते. एसएमपीएसमध्ये गेली तर तीही जाते आणि तोही जातो. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावा. दुकानदार त्या काढून टाकतो, त्या मागून घ्या.

विजेच्या बिलाचीही काळजी नको. शंभर वॉटचं मशीन रोज पाच तास चाललं तर महिन्याला पंधरा युनिट होतात. फ्रीजपेक्षा कमी.

मित्रांनो, १९९९ चा माझा तो संगणक कोकण रेल्वेने वैभववाडी स्टेशनवर उतरला. मॉनिटर मांडीवर आणि बाकी सगळं दोन गोणपाटांत. त्यातला एकही भाग आज वापरात नाही. पण तो कधी एकदम बदललाही नाही. आधी रॅम वाढवली, मग डिस्क, मग बोर्ड, मग मॉनिटर. प्रत्येक वेळी मशीनने कमावलेल्या पैशातूनच पुढचा भाग आला. घराची कौलं दोन वर्षं उशिरा बदलली, पण बदलली. आणि मला मुंबईला परत जावं लागलं नाही. बाबांच्या गिरणीच्या पैशाचं याहून चांगलं काही झालं असतं, असं मला वाटत नाही.

शेवटी एक विनंती. या मेळाव्याच्या निधीतून शाळेला संगणक द्यायचं ठरतं आहे, त्याबद्दल. देणगीत आलेले आणि नंतर कपाटात गेलेले संगणक मी तालुक्याबाहेरही पुष्कळ पाहिले आहेत. ते जातात एका छोट्या भागामुळे. कुणाला उघडता येत नाही, आणि प्रत्येक मशीन वेगळ्या कंपनीचं असल्याने एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं. सगळी मशीन एकाच प्रकारच्या भागांची घेऊ. एक एसएमपीएस, एक रॅमची पट्टी आणि एक एसएसडी जास्तीची घेऊन कपाटात ठेवू. आधी लॅबचं अर्थिंग करू. दहा मशीनच्या पैशात हे सगळं बसवायचं तर मशीन आठच होतील. मला दहा बंद मशीनपेक्षा आठ चालू मशीन चालतील.

आणि ती जोडणी दुकानदाराकडून नको. नववीची मुलं-मुली जोडतील, मी शेजारी बसेन. दोन शनिवार पुरतील. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने रॅम बसवली आहे, ती पुढे मशीन बंद पडलं म्हणून हात जोडून बसणार नाही. ती खोडरबर शोधेल. तिला पुढे शिकायला पुण्या-मुंबईला जावं लागेल, जावं. पण काम करायला जायचंच की इथे राहायचं, हे ठरवायचा अधिकार तिच्या हातात थोडा जास्त असेल. आपल्या पिढीतल्या बहुतेकांना तो नव्हता.

निधीच्या बैठकीत यावर चर्चा व्हावी. भागांची यादी मी कागदावर लिहून आणली आहे, ती संयोजकांकडे देतो. कुणाला पटलं नाही तर दुरुस्ती सुचवा, आणि घरचा संगणक जोडताना अडलात तर माझं दुकान कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

गुरुजनांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात असताना आम्ही तुमचं तेवढं शांतपणे ऐकलं नव्हतं.